बोर्ड रंगवायच्या आधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गॅरेजला गाळा मिळाला हे फोनवर ऐकून बरं वाटलं. बोर्ड कुठल्या रंगात करू, असं विचारलं होतंस. ते पेंटरला विचार. मला दुसरंच सांगायचंय. फोनवर सांगितलं असतं तर 'होय होय वस्ताद' म्हणून ठेवून दिलं असतंस, म्हणून कागदावर लिहितो.

पहिल्या पैशातून स्टँडची जोडी घे, उचललेल्या गाडीखाली टेकू म्हणून लावायचे ते. जॅकचं काम गाडी उचलून देण्यापुरतं, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही. मी हे एका जीपखाली शिकलो. मागच्या स्प्रिंगचा पाटा बदलायचा होता, गिऱ्हाईक दारात घाई करत उभं. स्टँड पलीकडच्या कोपऱ्यात होते, आणायचा कंटाळा केला. जॅकचं सील सकाळपासून पाझरत होतं, फरशीवर रुपयाएवढा ओला डाग मला दिसलाही होता. पान्ह्यासाठी हात बाहेर काढला आणि गाडी चार बोटं खाली आली. अगदी हळू, आवाज न करता. काढलेलं चाक मी सवयीनं चेसीखाली सरकवलं होतं, त्यावर टेकून थांबली. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. बायकोनं विचारलं, तर भूक नव्हती म्हणालो.

विटांवरही गाडी चढवू नकोस. वीट कधी फुटेल ते आधी कळत नाही.

आता इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलचं. मी शिकायला लागलो तेव्हा ते सरळ गटारात जायचं, आणि मीच बादली घेऊन जायचो. तुझ्या गाळ्यामागचं गटार जयंती नाल्याला मिळतं, नाला पंचगंगेला. पुढं ते पाणी इचलकरंजीवरून शिरोळकडे जातं, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. हिशेब करून बघ. एका छोट्या गाडीतून तीन-साडेतीन लिटर निघतं. दिवसाला चार गाड्या, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे तीनशे ते साडेतीनशे लिटर. पाण्यावर त्याचा पातळ तवंग पसरतो आणि खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. शिवाय इंजिनातल्या झिजेचा धातू त्यात असतो, तो वेगळाच.

म्हणून झाकणाचे दोन ड्रम, पत्र्याखाली, फरशीवर, आजूबाजूला वीतभर उंचीचा कट्टा. एकात फक्त ऑइल, दुसऱ्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते. ऑइलमध्ये कूलंट किंवा पेट्रोल मिसळलं की रिसायकलवाला ते घेताना कुरकुर करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. फिल्टर रात्रभर उपडे ठेवून निथळू दे. सांडलेल्यावर भुसा टाक, पण तो तेलकट भुसा शेकोटीला वापरू नकोस, आपल्याकडे थंडीत सगळे तेच करतात.

भंगारवाला रोख पैसे देऊन ड्रम उचलायला येईल. मोह होईल, मला झाला होता. पण ते ऑइल पुढं कुठल्या भट्टीत जळतं, की गाळून नव्या डब्यात भरून तुझ्याच गिऱ्हाइकाला विकलं जातं, हे तुला कळणार नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच दे आणि पावती फाईलला लाव.

ब्रेकचा ड्रम उघडला की हवेचा पाइप मारायची खोड मलाही होती. काळी धूळ उडायची, आम्ही खोकत हसायचो. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. त्याचे तंतू छातीत बसले की त्रास वीस-तीस वर्षांनी सुरू होतो, तोवर कुणाला ब्रेक आठवतोय! नुसतं बघून लायनरमध्ये ते आहे की नाही कळत नाही, तेव्हा सगळ्यांनाच सारखा नियम लाव. आधी पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं वाळायच्या आत पिशवीत बांधायचं.

बाकीचं तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीशेजारी वेल्डिंग नको, हायड्रोजन सुटत असतो. पावसात शटर ओढून आत इंजिन चालू ठेवू नकोस, जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कूलंट उघडं ठेवलंस तर गल्लीतलं कुत्रं गोड लागतं म्हणून चाटेल आणि मरेल. हात पेट्रोलनं धुऊ नकोस. माझी बोटं तू बघितली आहेस.

पोरगा ठेवशील तेव्हा हे सगळं त्याला पहिल्या दिवशीच दाखव. तो तू सांगशील तसं नाही, तू करशील तसं करणार. मी जीपखाली गेलो तेव्हा माझ्या हाताखालचा पोरगा शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी तोही स्टँड न लावता गाडीखाली शिरला होता.

नवी जोडी घेईपर्यंत माझ्या माळ्यावर स्टँडची जुनी जोडी आहे, रविवारी येऊन ने. एकाची पिन वाकलेली आहे. गाडीखाली लावण्याआधी ती बदलून घे.

तुझा,
वस्ताद