दारू सुटली की ऑनलाइन जुगार आपोआप सुटतो का?

नाही सुटत. ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा प्यायला बसला की मोबाइलवर रमी लावतो, अधूनमधून मित्रांबरोबर गांजा ओढतो, आणि सासरचे म्हणतात आधी दारू सोडवू, बाकीचं आपोआप सुटेल. अगदी हेच आमच्या घरात माझे मामा म्हणाले होते, २०२३च्या कार्तिकीच्या आठ दिवस आधी. त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि आईची बोरमाळ गेली. म्हणून लांबलचक लिहितेय, राग मानू नका.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. आईनं जन्मभर विड्या वळल्या. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, धाकटा भाऊ तिथेच दुसरीकडे माग चालवतो. तो रोज प्यायचा. घरीच, जेवणाआधी, एक क्वार्टर. भांडण नाही, मारहाण नाही. जेवण झालं की चादर डोक्यावरून घ्यायचा आणि आत फोन. आपली चादर चांगली जाड असते, तरी अंधारात तिच्या विणीतून उजेड झिरपतो. हिरवट, मधेच लाल. रात्री दीड-दोनपर्यंत तो उजेड मी बघायची. "काय करलालास बे एवढ्या रात्री?" म्हटलं की आतूनच उत्तर, "काय नाय अक्का, रील बघलालोय."

मामा वारकरी. त्यांनी त्याला कार्तिकीला पंढरपूरला नेलं आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. मी हे मोकळेपणानं सांगते, की माळेनं त्याची दारू सुटली. पहिला आठवडा हात थरथरत होते, घामानं उशी भिजायची, पण थेंब घेतला नाही. मामांनी गल्लीत पेढे वाटले. मी तेव्हाच विचारलं होतं, "मामा, त्या फोनचं काय?" तर म्हणाले, "पोरगं शुद्धीत नसतं तेव्हा खेळतं. आता शुद्धीवर आलंय. तू हिशेब लिहितीस म्हणून तुला सगळीकडं चोरीच दिसती." चार लोकांसमोर म्हणाले. ते वाक्य मी विसरलेले नाही.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला जायचं म्हणून आईनं डबा उघडला, तर बोरमाळ नाही. विड्यांच्या फंडाचे पैसे मिळाले तेव्हा तिनं ती केली होती. वर्षातून दोनदा घालायची, एरवी कापसात गुंडाळलेली. कापूस तसाच होता. गहाणाची चिठ्ठी भावाच्या पाकिटात सापडली. गळ्यात माळ, तोंडाला वास नाही, सात आठवडे दारूला शिवलेला नाही, आणि बोरमाळ सोनाराकडे.

यात्रा संपल्यावर मी त्याच्या खात्याचं स्टेटमेंट काढलं आणि दोन पेनं घेऊन बसले. दारूच्या दुकानाला गेलेले पैसे लाल, खेळात गेलेले निळे. कार्तिकीच्या आधीचं पान असं होतं: रात्री आठच्या सुमारास १८० रुपये, लाल. दहानंतर ५००, ५००, १०००, निळे. ज्या दिवशी दोन लाल खुणा, त्या दिवशी निळ्यांची रांग पानभर. म्हणजे दारूचा आणि खेळाचा संबंध होताच, तेवढं मामांचं खरं. पण ज्या दिवशी लाल खूण नाही त्याही दिवशी निळ्या होत्या. आणि कार्तिकीनंतर लाल पूर्ण थांबलं, तर निळं दुपटीच्या वर गेलं. आधीच्या सात आठवड्यांत ६१ हजार, नंतरच्या सात आठवड्यांत १ लाख ३८ हजार. का, ते त्यानंच सांगितलं. पिऊन असायचा तेव्हा दोन वाजता झोप तरी लागायची. दारू बंद झाल्यावर आठ वाजले की जीव कासावीस व्हायचा, झोप यायची नाही, आणि ती पोकळी भरायला हातात फोनच होता. पहाटे चारपर्यंत नोंदी होत्या.

बोरमाळेचं कळलं त्या रात्री तो पुन्हा प्यायला. माळ काढून खुंटीला अडकवली आणि प्यायला. मग उलटं चक्र सुरू झालं. हरला की प्यायचं, प्यायलं की धीर यायचा, धीर आला की "गेलेले काढतो". हे "गेलेले काढतो" तुमच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं असेल, तर दारू किती पितो हे मोजत बसू नका, पैसे मोजा.

पुढे ज्या मानसोपचाराच्या डॉक्टर मिळाल्या, त्यांनी पहिल्याच भेटीत दारूबरोबर खेळाचं विचारलं. याआधी दोन ठिकाणी दारू, तंबाखू, गांजा सगळं विचारलं होतं, जुगाराचा शब्द निघाला नव्हता. त्यांनी सांगितलं की २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांची यादी नव्यानं केली, तेव्हा जुगाराचं व्यसन दारू-गांजाच्याच प्रकरणात घातलं. तोवर ते वेगळीकडे होतं. बक्षीस मिळणार, पण कधी ते माहीत नाही, अशा खेळाला मेंदू सगळ्यात घट्ट चिकटतो. त्यात दारू ब्रेक काढून घेते. अमेरिकेतच चाळीस हजारांवर लोकांची पाहणी झाली होती, २००५ साली छापून आली. जुगाराचं जडलेलं व्यसन असलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा त्रास होता आणि ३८ टक्क्यांना इतर नशेचा. मी हा आकडा मामांना सांगितला. ते म्हणाले, बघ, म्हणजे दारूच मूळ. मामा, त्या आकड्यातून एवढंच कळतं की दोन्ही एका घरात राहतात. आधी कोण आलं हे त्यातून कळत नाही.

गांज्याचं तुम्ही विचारलंय, त्यातलं मी एकाच माणसाचं जवळून पाहिलं, भावाच्या मित्राचं. तो शांत, हसतमुख, आणि तेच वाईट होतं. गांज्यात वेळेचं भान जातं. अर्धा तास खेळलो म्हणायचा, बाहेर तीन तास झालेले असायचे. हरल्याची टोचणीही लागत नव्हती. दारूडा निदान आदळआपट करतो म्हणून घराला कळतं. आणि नवरा "भांग तर चालते" म्हणाला तर ऐकू नका. १९८५च्या कायद्यानं भांगेची पानं गांज्याच्या व्याख्येबाहेर ठेवली एवढंच, नशा त्याच झाडाची आहे.

२०२१मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांड्यावर 'ऑपरेशन परिवर्तन' केलं, हातभट्टीवाल्यांना दुसरे धंदे लावून दिले. चांगलंच काम झालं, आणि मामा अजून त्याचा दाखला देतात. पण भट्टीला जागा असते, धूर असतो. चादरीखालच्या फोनचा धूर कुणाला दिसणार? २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, रमीची मोठी ॲप्स थांबली. आठवड्यात भावाला कुणीतरी मेसेज केला, "आयडी पाहिजे का?" म्हणजे क्रिकेटच्या सट्ट्याची. तो मेसेज त्यानं स्वतः मला आणून दाखवला, म्हणून आज लिहायची हिंमत होतेय.

आम्ही काय केलं ते सांगते. त्याचा पगार आईच्या खात्यात येतो. त्याच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय काढली. रात्री आठनंतर साधा बटणांचा फोन. कर्ज देणारी ॲप्स किती होती ते एकदा सगळं कागदावर घेतलं, सहा निघाली, आणि ती आम्ही परस्पर फेडली, त्याच्या हातात एक रुपया न देता. तुम्हीही नवऱ्याच्या हातात "शेवटचं" म्हणून पैसे देऊ नका, ते शेवटचं नसतं. डॉक्टरांनी नॅलट्रेक्सोन सुरू केली. ती दारूची तलफ कमी करायला देतात, जुगाराच्या ओढीवरही वापरतात. आधी लिव्हरची तपासणी करतात, त्यामुळे आपल्या मनानं दुकानातून आणू नका. गेल्या अकरा महिन्यांत तो दोनदा प्यायला. खेळला नाही.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. नुसती थरथर होऊन भागतं असं नाही, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आमचं निभावलं ते नशिबानं, आम्हाला माहीतच नव्हतं. आणि पिणारा प्रत्येक जण जुगारी नसतो, तुमच्या नवऱ्याचं वेगळंही असेल. तो "आता जगून काय करू" असं काही बोलला तर वाट पाहू नका, १४४१६ लावा, मनाच्या त्रासासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतं, मराठीत बोलतात.

माळेविरुद्ध माझं काही नाही. ती अजून खुंटीला आहे, भाऊ म्हणतो डॉक्टरांच्या गोळ्या संपल्या की परत घालीन. मामा मात्र अजून सांगत फिरतात की अक्कानं पोराला दवाखान्याला लावलं, नाहीतर पांडुरंगानं सगळंच सोडवलं असतं. मामांची मुलगी इथे वाचते, मला माहीत आहे. बाई, लाल-निळ्या पेनाचं ते पान माझ्याकडे जपून ठेवलंय. वडलांना चष्म्यासकट घेऊन ये, मी चहा टाकते, आणि कार्तिकीच्या रेघेखालच्या नोंदी त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचाव्यात.