चाळीस मेसेज, दोन उत्तरं आणि एकही गिग नाही

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं घरी दोन चॅनेलच्या कंट्रोलरवर (गाणी मिसळायच्या यंत्रावर) डीजेचा सराव करतोय. हाऊस आणि डिस्को वाजवतो, बीट कानाने जुळवता येतात. ऑनलाइन ११ मिक्स (एकात एक मिसळलेल्या गाण्यांची रेकॉर्डिंग) टाकलेत. गेल्या चार महिन्यांत ४० क्लब आणि प्रमोटरना (पार्ट्या भरवणाऱ्यांना) मेसेज पाठवले. उत्तर दोघांचंच आलं. एक म्हणाला ‘नंतर बघू’, दुसरा म्हणाला ‘आधी ३० तिकिटं खपव, मग स्लॉट (वाजवायची वेळ) देतो’. फॉलोअर कमी आहेत म्हणून असं होतंय, की माझ्यातच काही कमी आहे?
(पत्राखाली आईच्या दोन ओळी : यात पोट भरतं का? आणि रोजच्या एवढ्या आवाजाने याच्या कानांचं काय होईल, तेही लिहा.)

उत्तर :

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही : त्या ४० जागांपैकी किती ठिकाणी तू स्वतः जाऊन आलास? खरी अडचण तिथे आहे.

बुकिंग करणारा माणूस चांगला डीजे शोधत बसलेला नसतो. त्याला अमुक एका रात्रीचे अमुक दोन तास भरायचे असतात. हा वेळेवर येईल का, आमच्या मशिनवर गोंधळणार नाही ना, आमच्या गर्दीला याचं संगीत चालेल का, याच्यानंतर वाजवणाऱ्याचा सेट हा बिघडवणार तर नाही, या शंका त्याच्या डोक्यात असतात. तुझे ११ मिक्स यातल्या एकाच शंकेचं उत्तर देतात, तेही त्याने ऐकले तर. बाकीची उत्तरं त्याला ओळखीतूनच मिळतात. म्हणून ४० ची यादी बाजूला ठेव आणि तुझं संगीत जिथे खरोखर वाजतं अशा पाच-सहा जागा निवड.

तिथे आधी श्रोता म्हणून जा, एकेका ठिकाणी तीन-चार वेळा. कोणत्या वारी काय वाजतं, फ्लोर किती वाजता भरतो, सुरुवातीचा तास कोण वाजवतं, बूथमध्ये (डीजेच्या जागेत) कोणते प्लेअर आणि कोणता मिक्सर आहे, हे टिपून घे. ती रात्र जागेचा मालक चालवतो की बाहेरचा प्रमोटर, हेही विचार. बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला मेसेज गेल्यामुळेच उत्तर येत नाही. सुरुवातीच्या डीजेशी ओळख कर, पण त्याचा सेट संपल्यावर. तो मिक्स करत असताना बूथपाशी जाऊन बोलू नकोस आणि पहिल्याच भेटीत स्लॉट मागू नकोस. कुणी आयत्या वेळी आजारी पडलं की फोन जातो तो दर आठवड्याला दिसणाऱ्या चेहऱ्याला.

आता मिक्स. ११ कुणी ऐकत नाही. दोनच ठेव, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांचे : एक संध्याकाळच्या सुरुवातीचा, समजा ११२ बीपीएमपासून (मिनिटाला ठोके) १२० पर्यंत सावकाश चढणारा, आणि एक भरलेल्या फ्लोरचा, १२२ ते १२६ मधला. पहिल्या दोन मिनिटांत तुझी आवड कळली पाहिजे, कारण ऐकणारा त्यानंतर सरळ मधे उडी मारतो. लांबलचक इंट्रो नको. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येच कर किंवा मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून घे. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे आणि मग पूर्ण फाइल उणे १ पर्यंत उचल. स्पीकरसमोर फोन धरून केलेलं रेकॉर्डिंग पाठवू नकोस. फोनचा माइक बेसवर फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तूच आवाज फाडलास.

चाळीस मिनिटांची ३२० केबीपीएसची फाइल ९६ एमबीच्या घरात जाते, त्यामुळे ती मेलला जोडू नकोस, लिंक दे. मिक्सक्लाउड या मिक्स ऐकवणाऱ्या साइटचे गाण्यांच्या हक्कधारकांशी डीजे मिक्ससाठी परवान्याचे करार आहेत. यूट्यूब आणि साउंडक्लाउडवर दुसऱ्यांची गाणी आपोआप ओळखली जातात आणि मिक्स अडकू शकतो. प्रमोटरने लिंक उघडली आणि ती बंद निघाली, तर तो पुन्हा विचारायला येत नाही.

मेसेज सहा ओळींच्या पुढे जाऊ देऊ नकोस. असा काहीसा : ‘नमस्कार. मी अमुक, हाऊस आणि डिस्को वाजवतो. तुमच्या गुरुवारच्या रात्रीला तीनदा येऊन गेलोय, पहिला तास हळू चढत जातो ते फार आवडलं. त्या तासासाठी कधी कुणी हवं असेल तर मी तयार आहे. त्याच धाटणीचा ३० मिनिटांचा मिक्स सोबत आहे, प्रेस किटची लिंक खाली. तुमच्या प्लेअरवर वाजवण्याचा सराव आहे.’ हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिही. दहा दिवसांनी एकदा आठवण कर, नंतर थांब.

प्रेस किट म्हणजे एकच पान. ८० ते १०० शब्दांची ओळख, त्यात विशेषणं नकोत, तू काय वाजवतोस आणि कुठे वाजवलंस एवढंच. तीन फोटो : एक आडवा, एक उभा, एक साध्या पार्श्वभूमीचा, लांब बाजू किमान २००० पिक्सेल. नाव-लोगो पारदर्शक पीएनजीमध्ये. पोस्टर करणारा घाईत असतो. ज्याचा फोटो लगेच मिळतो त्याचा चेहरा पोस्टरवर मोठा येतो. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगचं ठेव आणि ते आधीच दुसऱ्या डीजेचं नाही ना, हे आजच तपास. पन्नास फ्लायर छापल्यावर नाव बदलणं फार जड जातं.

फॉलोअरविषयी विचारलंस. विकत घेऊ नकोस. २० हजार फॉलोअर आणि पोस्टला ३० लाइक, हे प्रमोटर एका नजरेत ओळखतो. आठवड्याला एक छोटा व्हिडिओ पुरे : कॅमेरा हातांवर, ३० सेकंदांचं एकच चांगलं ट्रान्झिशन (एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं), आवाज थेट मिक्सरमधून. शो मिळाला की दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी सांग, आणि प्रत्येक वेळी तुझ्या सेटची नेमकी वेळ लिही. नुसतं पोस्टर शेअर केलं तर मित्र तुझा सेट संपल्यावर पोचतात.

तीस तिकिटांचं : आठ-दहा ओळखीचे लोक आणणं हे नवख्याकडून अपेक्षित असतं, त्यात गैर नाही. पण त्याला एकच प्रश्न विचार, ‘बाराच खपली तर?’ उरलेल्यांचे पैसे तू भरायचे असं उत्तर आलं तर नाही म्हण. तो संगीताचा व्यवहार नाही, तू त्याचा ग्राहक आहेस. फुकट वाजवायला माझी हरकत नाही, पण मर्यादा आधीच ठरव : पहिले दोन शो, आणि बदल्यात चांगलं रेकॉर्डिंग किंवा फोटो. गल्ला भरणाऱ्या जागी तिसऱ्यांदाही फुकट वाजवलंस, तर तिथल्या प्रत्येक डीजेचा दर तू खाली आणतोस.

यापेक्षा जवळचा रस्ता म्हणजे स्वतःची रात्र. तिघे जण मिळून ४०-६० माणसांची छोटी जागा आठवड्याच्या मधल्या, रिकाम्या वारी मागा. प्रत्येकी एक तास, त्याहून जास्त डीजे नकोत. सात जणांना अर्धा-अर्धा तास दिला की कुणाचाच सेट उभा राहत नाही. मालक किमान विक्रीची हमी मागतोय का, ते लेखी विचारून घ्या. कॅफे, प्रदर्शनं, दुकानाचं उद्घाटन इथेही काम असतं. तिथे कुणी नाचत नाही, पण चार तास संभाषणाच्या मागे वाजवताना गाण्यांची निवड जितकी सुधारते तितकी घरी सुधारत नाही.

पहिला स्लॉट बहुधा वॉर्म-अपचा, म्हणजे गर्दी जमण्याआधीचा मिळेल, आणि नवखे तिथेच फसतात. रिकामा फ्लोर बघून घाबरतात आणि सगळी मोठी गाणी पहिल्या वीस मिनिटांत उडवतात. लोक अजून पेय घेतायत, बोलतायत. त्यांना मान डोलवायला लाव, उड्या मारायला नाही. मुख्य कलाकाराची स्वतःची गाणी वाजवू नकोस. पुढच्या डीजेला आधीच विचार, ‘किती बीपीएमवर सोडू?’ आणि तो आला तेव्हा तुझ्या शेवटच्या ट्रॅकची किमान तीन मिनिटं शिल्लक असू दे. हे नीट केलेल्या माणसाला पुन्हा बोलावतात, कारण पुढचा डीजे स्वतःच त्याचं नाव सुचवतो.

तांत्रिक बाजूने जे बिघडतं ते जवळपास नेहमी तेच असतं. पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा निघतो आणि क्लबमधले पायोनियर कंपनीचे प्लेअर तो वाचत नाहीत. एफएटी३२ ठेव, आणि एकसारखे दोन पेनड्राइव्ह ने. गाणी रेकॉर्डबॉक्समधून (पायोनियरच्या सॉफ्टवेअरमधून) एक्स्पोर्ट कर. नुसती कॉपी केलीस तर तुझे क्यू पॉइंट (गाण्यात केलेल्या खुणा) आणि प्लेलिस्ट सोबत येत नाहीत. जुने प्लेअर फ्लॅक प्रकारच्या फाइल वाजवत नाहीत, म्हणून ३२० केबीपीएसचे एमपी३ किंवा एआयएफएफ फाइल ने. स्वतःचा कंट्रोलर जोडणार असशील तर मिक्सरचा चॅनेल लाइनवर हवा. फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या जागी) राहिला तर पहिल्या ठोक्यालाच आवाज फाटतो. हेडफोनचं ६.३५ मिलिमीटरचं जॅक-अडॅप्टर खिशात ठेव. बूथमध्ये ऐकू येत नसेल तर बूथचा नॉब वाढव, मास्टर (सगळ्या हॉलचा आवाज) नाही. मीटर सतत लाल राहिला की साउंडवाला मागून तुझा आवाज खाली ओढतो आणि आवाज आणखी चपटा होतो. शोच्या आधी सरावाची खोली भाड्याने घेऊन क्लबच्या प्लेअरवर दोन तास तरी वाजव. कंट्रोलरची सवय तिथे लगेच कामी येत नाही.

होकार आला की तारीख, वेळ, मानधन, आगाऊ किती, प्रवास कुणाचा, उपकरणं कोणाची आणि रद्द झालं तर काय, एवढं एका मेसेजमध्ये लिहून ‘बरोबर आहे ना?’ विचार. त्याचा ‘हो’ जपून ठेव. आगाऊ निम्मे मागायला संकोच करू नकोस.

ताई, आता तुमचे प्रश्न. फक्त क्लबमध्ये वाजवून घर चालवणारे थोडे असतात. बाकीचे खासगी समारंभ, शिकवणी, साउंडचं काम, स्वतःचं संगीत तयार करणं असं चार ठिकाणचं जोडतात. म्हणून पदवी पुरी होऊ द्या. ती होईपर्यंत महिन्याला दोन तरी मानधनाचे शो मिळू लागले, तर पुढे एक वर्ष त्याला पूर्ण वेळ द्यायला हरकत नाही. शून्यावर असेल, तर छंद म्हणून चालू ठेवून दुसरं काम शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कानांची तुमची काळजी अगदी रास्त आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवली जाणारी मर्यादा आहे आणि वाढणाऱ्या दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, आणि डीजे तर तिथे रात्रभर असतो. त्याला संगीतकारांचे इअरप्लग घेऊन द्या, जे सगळे स्वर सारखेच कमी करतात. फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात, मग मुलं ते काढून ठेवतात. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आणि शोहून आल्यावर कानात शिटी वाजतेय असं तो म्हणाला, तर त्या आठवड्यात हेडफोन बंद; शिटी दोन दिवसांत गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.