किशोरवयीन कादंबऱ्यांत समलिंगी मुलामुलींच्या प्रेमाचा शेवट नेहमी दुःखीच का?

आता तसं राहिलेलं नाही, पण पूर्वी होतं. जॉन डोनोव्हनच्या १९६९ सालच्या कादंबरीत दोन मुलं एकमेकांचं चुंबन घेतात. पुढे नायकाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडून मरतो आणि पोरगं समजतं, ही आपल्यालाच झालेली शिक्षा. वाचताना पोटात तुटतं. १९८२ साली नॅन्सी गार्डननं 'ॲनी ऑन माय माइंड'मध्ये दोन मुलींना शेवटी एकत्र आणलं, ते म्हणूनच मोठं पाऊल होतं.

माझी भाची इथं सोलापुरात अकरावीला आहे. ॲलिस ओसमनचं 'हार्टस्टॉपर' तिनं खाकी कव्हर घालून, वर 'रसायनशास्त्र' लिहून वाचलं. या चित्रकादंबरीत एकमेकांच्या प्रेमात पडणाऱ्या निक आणि चार्ली या दोन मुलांची ओळख शाळेतल्या बाकावर होते, ते तिला फार आवडलं. "मामा, यात कुणी मरत नाही," असं ती म्हणाली, तेव्हा मला गलबलून आलं.

मराठीत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' जरूर वाचा. भाऊ-बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. मात्र ती किशोरांसाठी लिहिलेली नाही. नवी पेठेतून सायकलवर क्लासला जाणाऱ्या दोन पोरांची गोष्ट मला मराठीत वाचायची आहे.