यादवी, बंड आणि डोक्यावरचे केस

एका अनुवादकांचा प्रश्न : सतराव्या शतकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जी लढाई झाली, तिच्या बातम्या मराठीत आणताना ‘सिव्हिल वॉर’ला ‘नागरी युद्ध’ म्हणावं का? आणि राजपक्षाला पडलेलं ‘कॅव्हॅलियर’ आणि पार्लमेंटवाल्यांना पडलेलं ‘राउंडहेड’ या नावांचं काय करावं?

‘नागरी युद्ध’ कृपया नको. नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे ‘यादवी’ आहे. प्रभासक्षेत्री यादवांनी एरका गवत उपटलं, त्याची मुसळं झाली आणि त्यांनी आपल्याच माणसांना मारलं, तिथून हा शब्द आला. इंग्लंडला तो चपखल बसतो. व्हर्नी घराण्यातले सर एडमंड राजाचं निशाण धरून १६४२मध्ये एजहिलच्या लढाईत पडले. थोरला मुलगा राल्फ तेव्हा पार्लमेंटच्या बाजूला होता. पार्लमेंटचा सेनापती वॉलर तर १६४३मध्ये समोरच्या फौजेतल्या हॉप्टनला, आपल्या जुन्या मित्राला, पत्र लिहितो आणि या लढाईला शत्रूच नसलेलं युद्ध म्हणतो. याहून यादवी ती काय?

पण एक मेख आहे. ‘यादवी’ हा काठावरून पाहणाऱ्याचा शब्द. तो तुमच्या प्रस्तावनेत शोभेल, बातमीत नाही. जानेवारी १६४३पासून राजाचा तळ असलेल्या ऑक्सफर्डहून निघणारं ‘मर्क्युरियस ऑलिकस’ हे राजाचं बातमीपत्र. त्याच्या लेखी हे सरळ ‘बंड’. त्याला तोंड द्यायला त्याच ऑगस्टात लंडनहून ‘मर्क्युरियस ब्रिटानिकस’ निघालं. पार्लमेंटचा दावा असा, की आम्ही ‘राजा आणि पार्लमेंट’ दोघांसाठी लढतोय, वाकडं आहे ते राजाच्या वाईट सल्लागारांशी. पार्लमेंटच्या बाजूच्या मजकुरात तिच्यासाठी लढणाऱ्यांना ‘बंडखोर’ म्हटलंत की तुम्ही नकळत ऑक्सफर्डला जाऊन बसलात. दोन्हीकडे ‘यादवी’ घातलीत तर भांडणच पुसलं गेलं. ज्याचा शब्द त्याच्या तोंडी राहू द्या.

जाता जाता, ‘बातमी’ आणि ‘आवई’ यांतला फरकही इथे कामाला येईल. जुलै १६४४मध्ये मार्स्टन मूरला राजपक्षाचा धुव्वा उडाला, पण ऑक्सफर्डला आधी पोचली ती विजयाची आवई.

‘मर्क्युरियस’ म्हणजे रोमन देवांचा निरोप्या. तिथे ‘नारद’ लिहायचा मोह होईल, आणि कळ लावण्याचं काम दोन्ही पत्रं मन लावून करत होतीच. तरी नावं आहेत तशी ठेवा.

आता शिव्या. ‘कॅव्हॅलियर’चं मूळ घोडेस्वारात आहे, म्हणून ‘शिलेदार’ सुचतो. पण शिलेदार हा स्वतःचा घोडा बाळगणारा मानी गडी. आजही ‘पक्षाचा शिलेदार’ कौतुकानेच म्हणतात. पार्लमेंटवाले ‘कॅव्हॅलियर’ म्हणत ते हिणवून, मुजोर स्वार अशा अर्थाने. ती खोच ‘शिलेदारा’त उरत नाही. ‘राउंडहेड’ ही बारीक कापलेल्या केसांवरून केलेली टर. ‘चमनगोटा’ म्हणाल तर त्यांनी वस्तरा फिरवला नव्हता, आणि ‘बोडका’ म्हटलं की मराठी कानाला केशवपन आठवतं; ते दुःखच वेगळं. मी दोन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवेन, पहिल्या उल्लेखाशी ‘राजपक्षीय’ आणि ‘पार्लमेंटवाले’ एवढा खुलासा करून, आणि कोण कोणाला हिणवतंय ते वाक्याच्या सुरातून कळू देईन.