दुसऱ्या दिवशीची व्हिजिट

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. पशुवैद्यकाचं तिसरं वर्ष संपतंय, सुट्टी हाताशी आहे, वर्गातले काहीजण मुंबई-पुण्याच्या पेट क्लिनिकला चाललेत, कुणी प्राणिसंग्रहालयात. तू विचारलंयस, "मॅडम, या सुट्टीत जास्तीत जास्त ठिकाणं कशी बघता येतील?" माझं म्हणणं असं, की जास्त ठिकाणं बघूच नकोस. एक दवाखाना धर, एका डॉक्टरांचा हात धर आणि सुट्टीचे जमतील तेवढे दिवस तिथेच राहा.

साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर तुला वर्षभराची इंटर्नशिप करायचीच आहे. निरनिराळे विभाग आणि फार्म तेव्हा बघून होतील. तिथे एक गोष्ट मात्र सहसा हातून निसटते. आज ज्या जनावराला सलाईन लावलं, ते उद्या कसं आहे हे बघायला आपण तिथे नसतो, कारण पोस्टिंग बदललेलं असतं. उपचाराच्या दिवशी केस अर्धीच कळते. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशीच्या व्हिजिटला कळते, आणि ती बघायची तर त्या गावात मुक्काम हवा.

तिसऱ्या वेताची संकरित गाय घे. काल व्याली, पहाटेपासून बसलीय. मान एका कुशीकडे वळवलेली, कान थंड, नाकपुडी कोरडी. कॅल्शियम कमी झालंय हे तू पुस्तकावरून सांगशील. पण डॉक्टर ती बाटली आधी कोमट पाण्यात ठेवतात, गळ्याची शीर धरतात आणि सलाईन सुरू करून तुला म्हणतात, स्टेथोस्कोप लाव आणि काढू नकोस. दहा-पंधरा मिनिटं तू फक्त हृदयाचे ठोके ऐकतेस. ठोके अडखळले की तू हात वर करायचा, त्यांनी धार थांबवायची. अर्धीअधिक बाटली गेली की मांड्यांचे स्नायू थरथरतात, ढेकर येते, शेण पडतं, नाकपुडीवर घामाचे थेंब दिसू लागतात. थोड्या वेळाने गाय उठते आणि अख्खं घर तुमच्याकडे बघत राहतं. इथपर्यंतचं सगळं एका दिवसाच्या भेटीतही दिसेल.

पण काही गायी पुन्हा बसतात. काहींना उठवून घ्यायला आणखी दिवस लागतात, कारण एका कुशीवर बराच वेळ बसून मागच्या पायाचे स्नायू दबलेले असतात. मालकाने पहिल्याच दिवशी कास पूर्ण पिळून काढली का, गाईला कडक फरशीवर ठेवलं की खाली मऊ माती-भुसा घातला, तिची कूस बदलली का, हे दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन विचारलं तरच कळतं. आणि ते विचारायची सवय एकदा लागली की पुढे नोकरीत सुटत नाही.

ठिकाण निवडताना नावावर जाऊ नकोस. तू शिरवळच्या कॉलेजात आहेस, सभोवती दुधाचा पट्टा आहे. तालुक्याचं लघु पशुसर्वचिकित्सालय, म्हणजे जनावरांचा सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेचा एखादा नीट चालणारा दवाखाना किंवा दूध संघाच्या डॉक्टरांची रोजची राउंड, यांच्यासारखी शाळा नाही. कृत्रिम रेतन आणि पैदाशीचं काम मुळापासून बघायचं असेल तर उरुळी कांचनला बाएफ आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली संस्था. शेळ्या-मेंढ्यांत रस असेल तर फलटणची निंबकर संस्था जवळच आहे, आणि उन्हाळा सरता सरता कोकणातून परतणारे मेंढपाळांचे कळप रस्त्यावर दिसतील. त्यांच्याशी बोल. मेंढी आजारी पडायच्या आधी कशी वागते हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारी माणसं मला भेटलेली नाहीत.

कुत्र्या-मांजरांचंच काम करायचं ठरवलं असेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, एकोणिसाव्या शतकातलं. तिथे एका सकाळी जेवढे रुग्ण येतात तेवढे छोट्या क्लिनिकात महिनाभर दिसणार नाहीत. शस्त्रक्रियेचा हात बसवायला वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिसची गोव्यातली आणि निलगिरीतली प्रशिक्षण केंद्रं चांगली. नसबंदीची शस्त्रक्रिया तिथे अनुभवी सर्जनच्या नजरेखाली स्वतः करायला मिळते. पण तिकडे शेवटच्या वर्षी जा. टाके, गाठी आणि भूल यांचा पाया आधी पक्का असू दे.

वन्यप्राण्यांचं आकर्षण मला समजतं. जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र बघण्यासारखं आहेच. तिथे तू बघशील, नोंदी ठेवशील. बिबट्याला हात लावायला मिळणार नाही, आणि मिळूही नये. हाताचं काम शिकायचंय तर गाय, म्हैस आणि शेळी.

आता हाताचं. गुदमार्गे तपासणी कॉलेजात कत्तलखान्यातून आलेल्या म्हशीच्या अवयवांवर पुन्हा पुन्हा कर, मगच गोठ्यात जा. डोळे मिटून गर्भाशयमुख, गर्भाशयाची शिंगं, बीजांडं ओळखता आली पाहिजेत. जिवंत जनावरात आधी शेण काढून घे, आतडं आवळलं की हात तिथेच स्थिर ठेव, सैल झालं की पुढे जा. घाईने आतड्याला इजा होते आणि त्याची किंमत जनावर मोजतं. नखं कापलेली, बांगड्या-घड्याळ घरी. डॉक्टरांनी तपासून निदान मनातच ठेवावं, मग तू तपासून तुझं सांगावं, मग दोन्ही ताडून बघावीत. अशी विनंती त्यांना पहिल्याच दिवशी कर. चांगला डॉक्टर ती आनंदाने मानतो.

ज्या गोष्टींत मी काहीही ऐकून घेणार नाही त्या सांगते. निघण्यापूर्वी रेबीजच्या पूर्वप्रतिबंधक लसीचे डोस पूर्ण कर. "घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय" असं सांगत कुणी गाय किंवा म्हैस दाखवली तर तोंडात हात घालण्याआधी रेबीज डोक्यात आला पाहिजे. झार (वार) न पडलेली किंवा गाभडलेली, म्हणजे गर्भपात झालेली, गाय असेल तर खांद्यापर्यंतचे हातमोजे, तोंडाला मास्क. ब्रुसेला हा जिवाणूंचा आजार माणसाला होतो आणि वर्षानुवर्षं छळतो. कालवडींच्या ब्रुसेला लसीची सुई बोटात घुसली तरी धोका असतो, कारण ती जिवंत लस आहे. आणि धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त येतंय, तर शवविच्छेदनाला हात लावायचा नाही. आधी फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही ना हे रक्ताच्या काचपट्टीवरून ठरू दे.

कायद्याचंही ध्यानात ठेव. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी होईपर्यंत स्वतंत्र उपचार करायचा अधिकार तुला नाही. डॉक्टर शेजारी उभे असतील तरच सुई धर. ते गावाला गेलेत, मालक रडकुंडीला येऊन म्हणतोय "ताई, तुम्हीच द्या इंजेक्शन", तरीही देऊ नकोस. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावून दे, फिरतं पथक येईपर्यंत थांब, तापमान आणि श्वास मोजून ठेव. तेवढी मदतही मोठी असते.

मुलगी म्हणून एखादा मालक म्हणेल, "सरांनाच बघू दे." वाद घालू नकोस. मुसकी बांध, थर्मामीटर लाव, दूध किती, माजावर कधी आली, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, हे नीट विचार. बहुतेक गोठ्यांत तिसऱ्या प्रश्नापर्यंत बोलण्याचा सूर बदलतो. राहण्याची सोय मात्र आधी पक्की कर: कुणाचं घर, रात्रीच्या कॉलला जायचं की नाही, परत कोण सोडणार. हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

वही ठेव. तारीख, जनावर, अंदाजे वजन, लक्षणं, औषध, मात्रा, दुसऱ्या दिवशी काय, चौथ्या दिवशी काय. अँटिबायोटिक दिलं तर दूध किती दिवस डेअरीला घालू नका सांगितलं आणि मालकाने खरोखर काय केलं, तेही लिही. उपचाराचा खर्चही लिही. गाईच्या किमतीपुढे आणि घराच्या परिस्थितीपुढे कुठला उपचार झेपणार आहे हे डॉक्टर कसं ठरवतात, ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत आणि रोज लागतं. फोटो काढायचा तर मालकाला विचारून, आणि तो वहीसाठीच.

तीन दिवसांत प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नकोस. त्याऐवजी गमबूट, ऍप्रन आणि बरा स्टेथोस्कोप घे.

कॉलेजचं पत्र सहयोगी अधिष्ठातांच्या सहीने आत्ताच मागून ठेव, परीक्षा सुरू झाल्यावर ते राहून जातं. डॉक्टरांना अर्ज अर्ध्या पानाचा लिही: कोणत्या वर्षाला आहेस, कोणत्या तारखांना येशील, आजवर स्वतःच्या हाताने काय केलंस, काय शिकायचंय. मग फोन कर, पण सकाळी नको. तेव्हा दवाखान्यात गर्दी असते आणि नंतर राउंड. दुपारी तीनच्या सुमारास बोलायला मोकळे असतात. कोणता तालुका ठरला ते कळव, तिथल्या डॉक्टरांशी माझी ओळख असेल तर मीही एक शब्द टाकते.

तुझी,
मॅडम