सुरुवात दोनच अल्बमपासून कर

हिपहॉप आणि रॉक ऐकायला कुठून सुरुवात करायची असा प्रश्न असेल, तर 'शंभर सर्वोत्तम अल्बम' वगैरे याद्या आत्ता बाजूला ठेव. हिपहॉपमध्ये रॅपर नासचा 'इलमॅटिक' (१९९४) आणि रॉकमध्ये पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), एवढं पुरे.

'इलमॅटिक' चाळीस मिनिटांतच संपतो. आधी नुसता ऐक, मग शब्द समोर ठेवून. त्यातल्या 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' या गाण्यात, त्याचं संगीत करणाऱ्या डीजे प्रीमियरचा तो खर्जातला पियानो सुरू झाला की अंगावर काटा येतो!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शफल लावणं. फ्लॉइडची गाणी एकमेकांत मिसळत जातात, क्रम मोडला की मजा गेली.
- फोनच्या स्पीकरवर ऐकणं. बास (खालचे, जड सूर) कळतच नाही. साधे इयरफोनही चालतील.

रॅपर केंड्रिक लमारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' माझा सर्वात लाडका, पण सुरुवातीला जड जाईल. तो नंतर.