पट्टीतल्या एका ओळीपासून

प्रश्न : मी एस. वाय. बी. कॉम.ला आहे. सकाळी मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर टॅलीचं काम करते, दुपारी कॉलेज. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकायची फार इच्छा आहे. क्लासचे पैसे परवडत नाहीत, म्हणून मोबाइलवर फुकटचे कोर्स लावलेत. अकरा झाले, पुरा एकही नाही. बाबा यार्डातच हमाल आहेत. ते म्हणतात, राजकारण शिकून पोट भरत नाही. कोणत्या कोर्सच्या सर्टिफिकेटला नोकरीत किंमत आहे?

उत्तर : अकरा कोर्स अर्धवट राहिले म्हणून लाज वाटून घेऊ नकोस. जेवणावळ फुकट असली की पानात जास्त वाढून घेतलं जातंच.

सर्टिफिकेटचं आधी सांगून टाकते. या विषयांत फुकटच्या कोर्सच्या कागदावर नोकरी लागत नाही. मागे एक मुलगा प्लॅस्टिकच्या फोल्डरात सव्वीस सर्टिफिकेटं लावून माझ्याकडे आला होता. ‘यात शिकलेलं तुला न पटलेलं काय?’ असं विचारलं, तर बिचारा बराच वेळ फोल्डरच चाळत बसला.

अपवाद म्हणशील तर केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ ‘स्वयं’. शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तरच फी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021च्या नियमांनुसार विद्यापीठाला एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) तिथल्या कोर्समधून मान्य करता येतात. पण ‘करता येतात’ हे नीट वाच. तुझं कॉलेज कोणता कोर्स मान्य करतं, हे नाव नोंदवायच्या आधी ऑफिसात विचार, नाहीतर परीक्षेची फी पाण्यात.

आता खरं काम. तू रोज पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदात, हमाली टाकतेस. तिच्या पाठोपाठ लेव्ही येते. ती कशाची, हे कधी कुणाला विचारलंस? टॅलीत तो एक लेजर आहे, पण त्यामागे 1969चा महाराष्ट्राचा माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा, कायदा आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर गाडी खाली करायची, दुपारी त्या. मग त्याचा प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा, आजारपणात कुणाकडे बघायचं? कायद्याने त्यावर तोड काढली ती अशी : मधे एक मंडळ. हमालही तिथे नोंदलेला, मालकही तिथेच. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही. फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी त्यातून. तुझ्या घरात कदाचित त्या मंडळाचं पासबुक असेल.

हा कायदा सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. व्हिडिओ न बघता तो वाच. व्याख्यांचं कलम दोनदा वाच, कारण ‘कामगार’ कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, सगळं राजकारण तिथेच असतं. तिथून पाठी जा. संविधानाचं कलम 43 निर्वाह वेतनाबद्दल आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे सरकारने धोरण आखताना पाळायच्या तत्त्वांत, बसवलंय, म्हणजे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. कोर्टात चालत नसेल तर लिहायचं कशाला, ही तक्रार संविधान सभेतही झाली होती. नोव्हेंबर 1948मधली ती चर्चा शब्दशः वाचायला मिळते, तीही फुकट. आणखी मागे जायचं तर जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. त्यांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने खुलं ठेवलंय.

मधे अडलीस तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पुस्तकं, आणि त्याच्या पुढचं म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ‘ई-ज्ञानकोश’ संकेतस्थळावरचं एम. ए.चं साहित्य. संकल्पना मराठीतून हवी असेल तर मराठी विश्वकोश. एवढंच पुरे. मागे ढोल-ताशे वाजवत व्हिडिओत सांगितलेला इतिहास मी तरी मोजत नाही. सांगणारा कोणत्या कागदाच्या आधारे बोलतोय हे कळत नसेल, तर पुढे सरक.

वाचलेलं दर पंधरा दिवसांनी दोन पानांत लिही, मराठीत. ‘यार्डातला हमाल आणि लेव्ही’ हा पहिला लेख. वर्षभराने अशी वीस-बावीस टिपणं जमली, तर मुलाखतीत दाखवायला ती सव्वीस सर्टिफिकेटांपेक्षा बरी.

पोटाचं म्हणशील, तर बाबांचं सगळंच चुकत नाही. एम. ए. केलं तरी प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते आणि जागा थोड्या असतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली, त्यात ही लिहायची सवय कामी येईल. पण ‘तयारी चालू आहे’ म्हणत सदाशिव पेठेच्या अभ्यासिकेत सात वर्षं काढू नकोस. बी. कॉम. मात्र सोडू नकोस. ताळेबंद वाचता येणारी आणि समाजही कळणारी माणसं फार नसतात. महापालिकेचं अंदाजपत्रक पीडीएफमध्ये मिळतं. ते उघडून एखाद्या खात्याची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडून बघ. संशोधन करणाऱ्या संस्थांना, वर्तमानपत्रांना हे करणारं माणूस लागतं. पदवीनंतर एम. ए. राज्यशास्त्राला जायचा रस्ता पुष्कळ ठिकाणी कॉमर्सवाल्यांनाही मोकळा आहे. इग्नूतून नोकरी सांभाळूनही करता येईल.

अकरापैकी दहा कोर्स आज काढून टाक. राहील तो मार्गदर्शक तत्त्वांशी जुळणारा ठेव.

आणि पहिली मुलाखत बाबांचीच घे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967मध्ये शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने नेहमीच्या कामात 55 किलोंहून जास्त ओझं उचलू नये. इकडे यार्डात क्विंटलभराचं पोतं पाठीवर यायचं. ते कधी हलकं झालं, त्यासाठी हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, काय केलं, पहिल्या दिवशी मालक काय म्हणाले, हे त्यांना विचार. मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि ‘हे लिहू का?’ असंही विचार. मग काय म्हणाले ते मला कळव.